रात्रीचं नांदेड, रात्रीचं लातूर: कॅमेरा घेऊन चालताना

रात्रीचे फोटो काढायला शिकायचं असेल तर एकट्याने सुरुवात करू नका. गाव ओळखणारा एक माणूस आणि कॅमेरा ओळखणारा एक माणूस, असे दोघे सोबत घ्या, चार-सहा शिकणारे जमवा आणि चालत निघा. पुण्या-मुंबईत वारसा फेऱ्यांची रीत चांगली रुजली आहे. सुटीच्या दिवशी पैसे भरायचे, वाटाड्यामागून जुन्या पेठांतून हिंडायचं आणि माहिती ऐकता ऐकता फोटोही काढायचे. नांदेड-लातूरकडच्या हौशी मंडळींनी त्यासाठी तिकडे जाण्याची वाट पाहू नये. दोन्ही शहरांत संध्याकाळनंतर पाहण्यासारखं इतकं काही आहे की अशी फेरी आपली आपण सहज बांधता येते. ती कशी बांधायची आणि चालताना काय शिकायचं, हे इथे सांगतो.

चालण्यावर भर देण्याचं कारण सरळ आहे. दिवसा उजेड सगळीकडे असतो. रात्री तो ठरावीक ठिकाणी आणि ठरावीक वेळीच सापडतो. कोणत्या दुकानाचा दिवा रस्त्यावर पडतो, कोणत्या घाटाच्या पायऱ्या अंधारात बुडतात, कुठला चौक नऊनंतर ओस पडतो, हे चालल्याशिवाय कळत नाही. पॅरिसच्या रात्रींच्या फोटोंसाठी जगभर ओळखला जाणारा ब्रासाई 1930च्या दशकाच्या आरंभी काचेच्या प्लेटांचा कॅमेरा आणि तिपाई घेऊन रात्र रात्र पायी फिरला. सोबतीला अनेकदा त्या शहराची गल्लीन्‌गल्ली पायाखालून गेलेले लेखक मित्र असत. एक सिगारेट जळून संपेपर्यंत शटर उघडं ठेवायचं, असं त्याचं वेळ मोजण्याचं माप सांगतात. आज घड्याळ कॅमेऱ्यातच आहे, पण गाव दाखवणाऱ्या सोबत्याची गरज तेवढीच राहिली आहे.

मग शिकवणार कोण? माझं उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटेल: लग्नाचे फोटो काढणारा तुमच्या गावचा स्टुडिओवाला. वरात रात्रीच निघते. बँडवाल्यांचे रंगीत दिवे, नवरदेवाच्या चेहऱ्यावर भस्सकन पडणारा व्हिडिओवाल्याचा लाइट, मागे काळोख आणि समोर नाचणारी माणसं, अशा अवघड उजेडात तो वर्षानुवर्षं काम करत आलेला असतो. शटरचा वेग कुठवर खाली नेला तर चेहरा हलणार नाही, हे त्याच्या बोटांना माहीत असतं. लग्नसराई नसलेल्या दिवसांत, म्हणजे दिवाळीआधी किंवा पौषात, त्याला दोन तास मागा आणि त्या दोन तासांचे पैसे द्या. ठरवण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: एका वेळी किती जणांना शिकवणार, चालताना प्रत्येकाच्या कॅमेऱ्यात डोकावणार का, आणि नंतर बसून फोटो पाहून देणार का. एका शिकवणाऱ्यामागे सहा-सातांहून जास्त शिकणारे नकोत. जास्त झाले की फेरीची सहल होते.

गाव दाखवणारा माणूस त्या त्या भागात राहणारा किंवा धंदा करणारा हवा. तो नुसता इतिहास सांगणारा असून भागत नाही. दुकानदाराला हाक मारून वरच्या मजल्याचा सज्जा मिळवून देणारा माणूस अर्ध्या कॅमेऱ्याइतका मोलाचा आहे.

आता वेळेचं. फेरी अंधार पडल्यावर सुरू करण्याची चूक जवळजवळ सगळे करतात. रात्रीचे सर्वांत देखणे फोटो सूर्यास्तानंतरच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातले असतात. तेव्हा दिवे लागलेले असतात आणि आकाशात गडद निळा उजेड शिल्लक असतो, त्यामुळे इमारतीची कड आकाशापासून वेगळी दिसते. पूर्ण काळोख झाला की आकाश कॅमेऱ्याला नुसतं काळं दिसतं आणि घुमट, कमानी, झाडं त्यात विरघळतात. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश फार रेंगाळत नाही, हेही लक्षात ठेवा. युरोपात उन्हाळ्यात तो तासन्‌तास टिकतो, आपल्याकडे चहा संपेपर्यंत निघून जातो. नांदेडला डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातला. लातूर थोडं पश्चिमेला असल्याने तिथे दोन-तीन मिनिटं उशिरा. म्हणून सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पहिल्या जागेवर पोहोचा, उजेडातच चौकट ठरवा, फोकस लावून ठेवा आणि मग वाट पाहा.

नांदेडची फेरी गोदावरीच्या घाटावरून सुरू करावी, असं माझं ठाम मत आहे. नगीनाघाट, बंदाघाट हा भाग सोयीचा आहे. शहर नदीच्या उत्तर काठावर आणि नदी साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी, त्यामुळे घाटावर नदीकडे तोंड करून उभं राहिलं की मावळता उजेड उजव्या हाताला येतो आणि पौर्णिमेच्या आसपास चंद्र डाव्या हाताला उगवतो. पावसाळ्यानंतर पात्र भरलेलं असतं, दिव्यांची प्रतिबिंबं लांब पडतात. इथेच ट्रायपॉडवरचा पहिला धडा घ्या. आयएसओ 100, अ‍ॅपर्चर एफ 8 ठेवा, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता कमी आणि लेन्सचं छिद्र मध्यम. सूर्यास्तानंतर साधारण पाव तासाने याच मापावर एखाद्या सेकंदाचं शटर पुरतं, अर्ध्या तासाने तेच आठ-दहा सेकंदांवर जातं. दर चार-पाच मिनिटांनी एकाच चौकटीचा एक फोटो घेत राहा, कॅमेरा हलवू नका. घरी ते ओळीने पाहिले की आकाश आणि दिवे यांचा तोल कोणत्या मिनिटाला जमला, ते तुम्हालाच दिसेल. हा एक सराव दहा पानं वाचण्यापेक्षा अधिक शिकवतो. लांब शटरमध्ये पाण्यावरच्या लाटा पुसल्या जातात आणि पाणी तलम दिसतं. नाव किंवा तरंगता दिवा मात्र हलून नुसती रेघ होतो. तो स्पष्ट हवा असेल तर आयएसओ वाढवून शटर आखूड करावं लागतं. रात्रीच्या फोटोतली सगळी देवाणघेवाण या एका उदाहरणात आली.

ट्रायपॉडवर काम करताना काही बारीक सवयी लावून घ्या. बटण बोटाने दाबलं की कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा. लेन्समधली थरथर रोखणारी सोय ट्रायपॉडवर बंद करा, कारण जुन्या लेन्सा तेव्हा उलट थरथर निर्माण करतात. अंधारात ऑटोफोकस चाचपडतो. अशा वेळी स्क्रीनवर दूरचा एखादा दिवा मोठा करून पाहा, हाताने फोकस लावा आणि मग फोकसच्या रिंगला हात लावू नका. ट्रायपॉडची मधली दांडी वर न काढता पाय पसरून त्याला बुटकाच ठेवा, वारा असेल तर पिशवी अडकवा. आणि घाटाच्या शेवटच्या पायरीवर उतरू नका. तिथे शेवाळ असतं आणि पावसाळ्यात वरच्या विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की पाणी झपाट्याने चढतं.

घाटावरून पायी सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याकडे या. गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये याच नगरीत देह ठेवला. महाराजा रणजितसिंग यांनी 1832 ते 1837 या काळात सध्याची वास्तू उभी केली. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक, त्यामुळे इथे कॅमेरा घेऊन येताना आधी आपण भाविकांच्या जागी आलो आहोत, हे मनात असू द्या. डोकं झाका, जोडे काढा. आतल्या भागात फोटो काढायचे नाहीत. बाहेरच्या आवारात ट्रायपॉड उघडण्याआधी सेवादारांना विचारा, आणि ते नाही म्हणाले तर हुज्जत न घालता कॅमेरा हातात धरून काम करा. हातात धरूनही चांगला फोटो येतो: खांबाला टेकून उभे राहा, कोपरं छातीशी घ्या, श्वास सोडून थांबल्या क्षणी बटण दाबा.

दिव्यांनी उजळलेली ही वास्तू कॅमेऱ्याला फसवते. चौकटीत काळं आकाश जास्त असलं की कॅमेरा सरासरी काढतो, फोटो फार उजळ करून टाकतो, आणि पांढऱ्या संगमरवरावरची नक्षी, घुमटाचा सोनेरी वर्ख सगळं पांढरंफेक होतं. जळालेला पांढरा भाग नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरने परत येत नाही. काळोखातला तपशील मात्र बराचसा वर काढता येतो. म्हणून एक्स्पोजर मुद्दाम एक पायरी खाली घ्या, म्हणजे उणे एक. स्क्रीनवरच्या चित्रावर विसंबू नका, कारण अंधारात स्क्रीन नेहमीच जास्त उजळ वाटते. हिस्टोग्राम उघडा आणि आलेखाचं उजवं टोक भिंतीला चिकटलंय का, तेवढं पाहा. कॅमेऱ्यात रॉ फाइलची सोय असेल तर ती चालू करा. रात्रीच्या कामात तिचा उपयोग दिवसापेक्षा कितीतरी जास्त होतो.

नांदेडच्याच गोविंदबागेतल्या लेझर शोबद्दल मात्र कळकळीने सांगायचं आहे. लेझरचा झोत थेट लेन्समध्ये शिरला तर कॅमेऱ्याचा किंवा मोबाइलचा सेन्सर कायमचा बिघडू शकतो. एक रंगीत रेघ प्रत्येक फोटोवर उमटू लागते आणि दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीच्या जवळ जातो. डोळ्यांनाही धोका आहेच. अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्रात मिरवणुकीतल्या लेझरने दृष्टीला इजा झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. झोत प्रेक्षकांकडे वळतो अशा ठिकाणी उभे राहू नका. बाजूला सरका, झोत पडतो त्या कारंज्याचा किंवा पडद्याचा फोटो घ्या, आणि झोत आपल्याकडे फिरला की लेन्ससमोर हात धरा. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेसमोर फोटो काढणाऱ्यांनाही हेच.

दसऱ्याची किंवा होळीची हल्लाबोल मिरवणूक नांदेडची खरी शान आहे, पण नवशिक्याने पहिल्या वर्षी तिथे कॅमेरा नेऊ नये. गर्दीचा लोंढा धावत येतो आणि डोळा कॅमेऱ्याला लावलेल्या माणसाला बाजूचं दिसत नाही. आधी एक वर्ष नुसतं पाहा आणि दुसऱ्या वर्षी एखाद्या उंच जागेची परवानगी काढून ठेवा.

लातूरची फेरी वेगळ्या स्वभावाची. तिथे नदीचा घाट नाही, पण गंजगोलाई आहे, आणि रात्रीचं रस्त्यावरचं छायाचित्रण शिकायला मराठवाड्यात यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेली ही गोल बाजारपेठ. मधली दुमजली इमारत 1917 ची, तिच्या मध्यात अंबाबाईचं मंदिर, आणि या गोलाला येऊन मिळणारे 16 रस्ते. सराफा, पादत्राणं, मिरची, गूळ, किराणा असे व्यवसाय या रस्त्यांवर आपापल्या जागा धरून वाढले. फोटो काढणाऱ्याला याचा फायदा असा की दर पन्नास पावलांवर उजेडाचा रंग आणि पोत बदलतो. सराफी पेढीत कडक पांढरा झगझगाट, मसाल्याच्या दुकानात पिवळसर बल्ब, हातगाडीवर बॅटरीचा एकच एलईडी, फळांवर लाल-हिरव्या छत्रीतून गाळून आलेला रंग.

या गोलाईत ट्रायपॉड फक्त पहिली वीस मिनिटं वापरा, आणि तोही जमिनीवर नको. गाव दाखवणाऱ्या सोबत्याने आधीच बोलून ठेवलेल्या वरच्या मजल्यावर चढा. तिथून गोल इमारत, तिला वळसा घालणाऱ्या दुचाकी आणि रिक्षा दिसतात. आयएसओ 100, एफ 11, आठ ते पंधरा सेकंद. गाड्यांचे पुढचे पांढरे आणि मागचे लाल दिवे वक्राकार रेघा ओढतात आणि फैयाजुद्दीन यांनी आखलेला गोल प्रकाशानेच रेखाटला जातो. एक गंमत इथेच शिकून घ्या: एफ 16 पर्यंत अ‍ॅपर्चर बारीक केलं की रस्त्यावरचे दिवे चांदण्यांसारखे टोकदार दिसू लागतात. एफ 2 ला तेच दिवे मऊ गोळे होतात.

मग खाली उतरा, ट्रायपॉड पिशवीत घाला आणि माणसांकडे वळा. 50 मिलिमीटरची एफ 1.8 लेन्स स्वस्तात मिळते आणि या कामाला पुरते. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, शटर एक शतांश सेकंद, आयएसओ 800 ते 1600. शटर एक शतांश किंवा एक पन्नासांशच का, याला कारण आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून अनेक दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटर त्याहून फार वेगवान ठेवलं तर फोटोत आडवे काळे पट्टे येतात किंवा एक फोटो उजळ, पुढचा अंधारा असा खेळ होतो. स्वस्त एलईडीच्या पाट्यांखाली हा त्रास हमखास होतो. आयएसओ वाढल्याने येणाऱ्या दाण्यांना घाबरू नका. दाणेदार पण स्थिर चेहरा चालतो, स्वच्छ पण हललेला चालत नाही.

उजेड कुठे पडलाय ते आधी पाहा आणि मग तिथे माणूस येण्याची वाट पाहा. पानटपरीसमोर उजेडाचा एक चौकोन रस्त्यावर सांडलेला असतो. त्याच्या कडेला उभे राहिलात तर पाच मिनिटांत कुणीतरी त्यातून जातं, थांबतं, सुट्टे मोजतं. माणसामागे धावून मिळणाऱ्या फोटोपेक्षा हा फोटो नेहमी चांगला येतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर प्रत्येक दुकानापुढे रंग बदलत जातो. तो 3,500 ते 4,000 केल्व्हिनच्या दरम्यान एकदा पक्का करा. मिरचीच्या दुकानाचा पिवळेपणा पिवळाच राहू द्या. त्या गल्लीची ती ओळख आहे.

विचारून फोटो काढावेत की न विचारता? लांबून, गर्दीचा भाग म्हणून माणूस येत असेल तर वेगळी गोष्ट. जवळून चेहरा घ्यायचा तर विचाराच. "मावशी, एक फोटो काढू का?" एवढं पुरतं. आधी चार केळी घेतलीत तर बोलणंही होतं. विचारल्यावर माणूस ताठ उभा राहतो, ही तक्रार खरी आहे. पहिला ताठ फोटो त्याच्यासाठी काढा, दाखवा, आणि मग तो पुन्हा कामाला लागेपर्यंत तिथेच थांबा. लातुरात शिकवण्यांसाठी बाहेरगावाहून आलेली हजारो मुलंमुली संध्याकाळी रस्त्यावर असतात. त्यांचे, विशेषतः मुलींचे चेहरे ओळखू येतील असे फोटो त्यांच्या संमतीशिवाय घेऊ नका आणि समाजमाध्यमांवर तर टाकूच नका. पटेल चौकातल्या सुरत शहावली दर्ग्यात किंवा सिद्धेश्वर मंदिरातही नियम तोच: जागेची राखण करणाऱ्याला आधी विचारायचं.

सिद्धेश्वराच्या यात्रेचा वेगळा उल्लेख करतो. महाशिवरात्रीला ती भरते आणि आकाशपाळणे येतात. फिरता दिव्यांचा पाळणा हा लांब शटरचा सर्वांत मजेदार धडा आहे. अर्ध्या सेकंदात दिव्यांचे तुकडे दिसतात, दोन सेकंदांत कमानी, चार सेकंदांत पूर्ण चक्र. तिन्ही काढून पाहा. समोर एखादा स्थिर माणूस, फुगेवाला किंवा बत्ताशांचं दुकान ठेवलं तर चक्राच्या गतीला आधार मिळतो.

मोबाइलवाल्यांना हे सगळं लागू आहे, फक्त पद्धत थोडी निराळी. आधी लेन्स सुती कापडाने पुसा. खिशातला तेलकटपणा लेन्सवर असतो आणि दिव्यांना लांब शेपट्या फुटतात त्या त्यामुळेच. फ्लॅश बंद. बोटांनी ताणून झूम नको, पायांनी पुढे जा. नाइट मोडमध्ये मोबाइल अनेक फोटो घेऊन ते एकत्र जोडतो, म्हणून इमारतींना तो छान चालतो आणि चालत्या माणसांची भुतं करतो. माणसांसाठी नाइट मोड बंद करा आणि त्यांना उजेडाजवळ पकडा. स्क्रीनवर दिव्याला बोट लावून उजेडाची पट्टी खाली ओढली की आकाश काळं आणि दिवे ठसठशीत होतात. बऱ्याच मोबाइलमध्ये प्रो मोड असतो. त्यात आयएसओ आणि शटर हाताने लावता येतं, आणि छोटा ट्रायपॉड असला तर घाटावरचा धडा जसाच्या तसा करता येतो.

सुरक्षिततेविषयी थोडं. दहाहून जास्त माणसं ट्रायपॉड घेऊन निघणार असतील तर जवळच्या पोलीस ठाण्यात आधी सांगून ठेवा, चौकशीचा वेळ वाचतो. रेल्वे स्थानक, धरण, विमानतळ परिसर टाळा, आणि ड्रोन घरीच ठेवा. नांदेडचा नंदगिरी किल्ला अंधारात आत शिरण्याची जागा नाही, त्याचा फोटो बाहेरून, उजेड असताना घ्या. गटातला एक जण फक्त रस्त्याकडे लक्ष ठेवणारा असावा, पाळीपाळीने. मुली-महिलांच्या घरी परतण्याची व्यवस्था निघण्याआधी ठरलेली असावी. थंडीत बॅटरी लवकर उतरते, जोडीला दुसरी बॅटरी अंगाजवळच्या खिशात ठेवा. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्याबरोबर लेन्सवर वाफ धरते. ती पुसत बसू नका, कॅमेरा पिशवीतच दहा मिनिटं बाहेरच्या हवेला येऊ द्या.

फेरी संपल्यावर तिथल्या तिथे पांगू नका. त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी स्टुडिओत बसा, प्रत्येकाने पाचच फोटो निवडायचे आणि शिकवणाऱ्याने मोठ्या पडद्यावर ते पाहायचे. फसलेल्या फोटोची शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओची मापं फाइलमध्ये नोंदलेली असतात. ती वाचून काय बदलायला हवं होतं, ते त्याने सांगायचं. माझ्या मते पैसे देण्यासारखा भाग हाच. सज्जा देणाऱ्या दुकानदाराला आणि फोटो काढू देणाऱ्या मावशींना एकेक छापील प्रत नेऊन द्या, मोबाइलवर पाठवलेला फोटो नव्हे.

पुढची फेरी नवी जागा शोधून करू नका. तीच वाट, वेगळा महिना. आणि तारीख कॅलेंडरात पाहून ठरवा: पौर्णिमेचा आदला दिवस. पौर्णिमेचा भरला चंद्र काळ्या आकाशात इतका प्रखर असतो की त्याला जेवढं एक्स्पोजर लागतं, म्हणजे आयएसओ 100, एफ 11 आणि साधारण एक शतांश सेकंद, तेवढ्यात खालचं शहर काळंच राहतं. चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून आदल्या दिवशी तो सूर्यास्तापूर्वीच वर आलेला असतो आणि निळ्या संधिप्रकाशात चंद्र, नदी आणि दिवे एकाच मापात बसतात. त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी नांदेडच्या घाटावर पाच वाजता पोहोचलात तर उभं राहायला जागाही मिळेल.